घायाळ पक्षिणीसाठी रडणारा कवी घरात इतका का चिडायचा? रेव्हरंड टिळकांच्या रागाची गोष्ट

मराठी शाळेत शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी 'केवढे हे क्रौर्य' ही कविता पाठ केली आहे. शिकाऱ्यानं घायाळ केलेली एक पक्षिणी, घरट्यात वाट बघणारी पिल्लं आणि मरण्याआधी त्यांच्यापर्यंत पोचण्याची तिची धडपड. कविता वाचून वर्गात रडू आलं नाही असा विद्यार्थी विरळा. ती लिहिणारे नारायण वामन टिळक 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले गेले. इतकं हळवं मन असलेला माणूस घरात साधा आवाजही चढवत नसेल, असं कुणालाही वाटेल.

प्रत्यक्षात टिळक भयंकर तापट होते. एखादा शब्द लागला, कुणी अपमान केला, मनाविरुद्ध काही घडलं की त्यांचा पारा एका क्षणात चढायचा. कधीकधी ते रागाच्या भरात कुणालाही न सांगता घरातून निघून जायचे. मागं राहिलेल्यांनी वाट बघत बसायचं.

हे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांच्या विरोधकांमुळं नव्हे, त्यांच्या बायकोमुळं. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात नवऱ्याचा राग जसाच्या तसा मांडला आहे. त्यांनी तो लपवला नाही आणि त्याचं भांडवलही केलं नाही.

टिळकांच्या आयुष्याचा मोठा काळ आजच्या अहिल्यानगरात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरात गेला. ते ख्रिस्ती झाले, रेव्हरंड झाले, त्यांनी चर्चमध्ये गायली जाणारी शेकडो पदं लिहिली. आणि गंमत म्हणजे, ज्या मजकुरानं त्यांना ख्रिस्ताकडं ओढलं, त्याच मजकुरात रागाबद्दलची सगळ्यात कडक शिकवण आहे. एका तापट माणसानं ती शिकवण वाचल्यावर काय झालं, त्याची ही गोष्ट.

राग घरातूनच आला होता

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावानं अतिशय कडक. आई जानकीबाई मात्र प्रेमळ होत्या, त्यांना कवितेची आवड होती. लहान नारायणाचा सगळा जीव आईत अडकलेला. वडिलांच्या संतापाचा जाच त्या माऊलीनं सोसला आणि मुलानं तो डोळ्यांनी पाहिला.

नारायण अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली. त्यानंतर घर म्हणावं असं काही उरलंच नाही. तो बाहेर पडला आणि नाशिकला आला. तिथं गणेशशास्त्री लेले यांच्याकडं त्याला संस्कृतचं शिक्षण मिळालं. पुढं थोडं इंग्रजीही झालं. पण रीतसर शिक्षण पुरं झालं नाही. जे काही मिळवलं ते वाचून, ऐकून आणि पाठ करून.

अठराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं. बायको अकरा वर्षांची. माहेरची मनकर्णिका गोखले, सासरी लक्ष्मी झाली. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी जेमतेम अक्षरओळखही न घेता संसारात आली. तिच्या वाट्याला आला एक अत्यंत हुशार, अत्यंत उदार आणि अत्यंत बेभरवशाचा नवरा. टिळकांचा पाय एका गावात टिकायचा नाही. शिक्षकी केली, कीर्तनं केली, व्याख्यानं दिली, कविता केल्या. नोकरी लागायची आणि सुटायची. हातात पैसे आले तर पहिल्या गरजू माणसाला देऊन मोकळे व्हायचे. मनाला काही लागलं तर चालू पडायचे.

टिळकांचा राग टिकाऊ नव्हता, हेही सांगायला हवं. जसा भडकायचा तसाच विझायचा. मग पश्चात्ताप, डोळ्यांत पाणी, समजूत घालणं. पण पाच मिनिटांच्या रागाचं ओझं समोरच्याला पाच मिनिटांपुरतंच वाहावं लागतं असं थोडंच आहे? तापट माणसाला वाटतं, झालं गेलं, संपलं. ज्याच्यावर तो तापला त्याच्यासाठी ते इतक्या लवकर संपत नाही.

रेल्वेच्या डब्यात मिळालेलं पुस्तक

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला टिळक नागपुरात होते. तिथं अप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयानं त्यांचं संस्कृत ग्रंथांचं काम चाललं होतं. 'ऋषी' नावाचं एक धार्मिक मासिकही त्यांनी चालवलं. जुन्या कर्मकांडावरचा विश्वास उडत चालला होता, जातिभेद पटत नव्हता आणि देशाला उभं करणारा धर्म कोणता असेल, या प्रश्नानं ते अस्वस्थ होते.

१८९३ च्या सुमारास त्यांना राजनांदगाव संस्थानात काम मिळालं. तिकडं जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा कवितेवरून सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना त्यानं टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत करून गेला. टिळकांना ते भाकीत अर्थातच पटलं नाही. पण पुस्तक वाचायला घेतलं आणि मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. ती पानं त्यांना सोडवेनात.

या प्रवचनात नेमकं आहे तरी काय?

मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू लोकांना जुनी आज्ञा आठवून देतो. खून करू नये, हे सगळ्यांना मान्यच होतं. येशू तिथं थांबत नाही. तो खुनाच्या मागं जातो, जिथून खून सुरू होतो तिथं. भावावर रागावणं आणि त्याला मूर्ख म्हणून हिणवणं, यालाही तो न्यायासनापुढं उभं करतो. हात उचलला नाही म्हणजे आपण निर्दोष, ही पळवाट तो बंद करतो.

त्याच्या पुढचं उदाहरण आणखी अडचणीत आणणारं आहे. समजा एखादा माणूस वेदीवर अर्पण घेऊन आलाय आणि तिथं त्याला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काहीतरी सल आहे. येशू म्हणतो, अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग परत ये. हे नीट बघितलं तर लक्षात येतं की इथं दुखावलेल्या माणसाला सहन करायला सांगितलेलं नाही. ज्यानं दुखावलं, त्याला उठून जायला सांगितलंय. आणि तेही पूजा अर्धवट सोडून.

नव्या करारात रागाविषयी इतरत्रही बरंच आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात राग येणं गृहीतच धरलंय, पण त्यातून पाप घडू देऊ नका आणि दिवस मावळण्याआधी तो सोडा, असा सल्ला आहे. याकोबाच्या पत्रात ऐकण्याची घाई करा, बोलण्याची आणि रागावण्याची करू नका, असा सूर आहे. आणि खुद्द येशू? तो मंदिरात शिरून सराफांचे चौरंग उलथे करतो. त्यामुळं ख्रिस्ती परंपरेत राग हा सरसकट पाप ठरत नाही. तो कशासाठी आला, कुणासाठी आला आणि आल्यावर माणसानं काय केलं, हे बघितलं जातं. स्वतःचा अपमान झाला म्हणून सूड, याला मात्र तिथं जागा नाही.

टिळकांना या प्रवचनातली नेमकी कोणती ओळ भिडली, यावर अंदाज बांधण्यात अर्थ नाही. त्यांना भावलं ते शत्रूवरही प्रेम करायला सांगणारं येशूचं व्यक्तिमत्त्व. पण ज्या मुलानं वडिलांच्या संतापाखाली आई झुरताना पाहिली होती आणि मोठेपणी ज्याच्यात तोच संताप उतरला होता, त्यानं ही पानं कोरड्या मनानं वाचली असतील, असं वाटत नाही.

१० फेब्रुवारी १८९५

त्या काळात ख्रिस्ती होणं म्हणजे काय होतं, हे समजायला एक घटना पुरेशी आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी मिशनऱ्यांकडं चहा घेतला. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. नुसत्या चहावरून एवढा गदारोळ झाला की प्रकरण धर्मपीठापर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं. चहाची ही कथा, तर बाप्तिस्म्याचं काय होणार?

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे जाणकार, कीर्तनकार. बातमी वणव्यासारखी पसरली. नातेवाइकांनी पाठ फिरवली. ओळखीचे लोक तोंडावर बोलू लागले.

आणि लक्ष्मीबाई? त्या तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या, पदरात तीन-चार वर्षांचा मुलगा दत्तू. नवरा जिवंत आणि तरी तुटलेला. घरच्यांना त्यांच्या जिवाची काळजी वाटू लागली, इतका हा धक्का मोठा होता. पुढं त्यांची बहीण भिकूताई त्यांना पंढरपूरला आपल्या घरी घेऊन गेली. आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय नवऱ्यानं त्यांना विश्वासात न घेता घेतला होता. सगळ्या गोष्टीत सगळ्यात मोठा अपमान कुणाचा झाला असेल तर तो त्यांचा.

इथं टिळकांची बाजू घेणं अवघड जातं. समेट झाल्याशिवाय अर्पण करू नकोस, असं सांगणारं प्रवचन ज्यानं मनापासून मानलं, त्यानं स्वतःचं सगळ्यात मोठं अर्पण बायकोशी समेट न करताच केलं. टिळकांना याची टोचणी होती. त्यांनी पत्रं लिहिली, कविता लिहिल्या, भेटायचे प्रयत्न केले. पण त्यांनी जबरदस्ती केली नाही. दुसरं लग्न केलं नाही. कायद्याच्या जोरावर मुलाला हिसकावलं नाही. ते वाट बघत राहिले. घटकाभरही धीर न निघणाऱ्या माणसानं चार वर्षांहून जास्त काळ वाट बघितली, ही त्यांच्या स्वभावाच्या मानानं लहान गोष्ट नव्हती.

शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या. आल्या त्या स्वतःच्या अटींवर. आपलं सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. टिळकांनी ते मान्य केलं. एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात ब्राह्मणी सोवळं पाळणारी बायको, हे दृश्य मिशनच्या आवारात किती चमत्कारिक दिसलं असेल! पण हळूहळू लक्ष्मीबाईंचं मन स्वतःच्याच विचारानं बदलत गेलं. माणसामाणसांतला विटाळ त्यांना खोटा वाटू लागला. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागोमाग नव्हे, पाच वर्षांनी.

नगरचं घर

नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं होतं. शाळा, दवाखाने, धर्मशिक्षणाचं विद्यालय, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक असा त्याचा मोठा पसारा. टिळक इथं शिकवत, प्रवचनं करत, पदं रचत. काही काळ नगर-मनमाड रस्त्यावरच्या राहुरीतही बिऱ्हाड होतं. दुष्काळ आणि प्लेगचा तो काळ होता. अनाथ पोरं मिशनच्या आश्रयाला येत होती आणि त्यातली काही टिळकांच्या घरात वाढली. घर कायम भरलेलं, पैसे कायम संपलेले.

टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग दिला, भजन दिलं, कीर्तन दिलं. इंग्रजी चालींवर बेतलेली गाणी म्हणणाऱ्या मंडळींच्या हातात टाळ आले. तुकारामाचा हात धरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भावना होती. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून जास्त पदं आहेत.

कवींचीही ये-जा असायची. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. तिथं सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलानं सगळ्यांना थक्क केलं आणि त्याला 'बालकवी' हे नाव मिळालं. पुढं टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणलं. बालकवी स्वतः मनस्वी, चटकन दुखावणारे. टिळक तसेच. आणि या दोघांना जेवू घालणाऱ्या लक्ष्मीबाई. त्या घरात भांड्याला भांडं लागलं नसतं तरच नवल.

मग बाप्तिस्म्यानं टिळकांचा राग गेला का? नाही गेला. ज्यांना धर्मांतराच्या चमत्कारकथा आवडतात त्यांची इथं निराशा होईल. ते ख्रिस्ती झाल्यावरही चिडायचे, रुसायचे, घर डोक्यावर घ्यायचे. फरक पडला तो रागानंतरच्या वागण्यात. चूक झाली हे कबूल करायला त्यांना कमीपणा वाटेनासा झाला. नवऱ्यानं बायकोपुढं, मोठ्यानं लहानापुढं नमतं घ्यायचं नाही, हा त्या काळच्या कर्त्या पुरुषाचा शिरस्ता होता. टिळक तो मोडायचे. वामनरावांच्या घरात हे घडण्यासारखं नव्हतं.

आणि लक्ष्मीबाईही आता अकरा वर्षांच्या उरल्या नव्हत्या. त्यांचं हत्यार म्हणजे त्यांची जीभ आणि त्यांचं हसू. नवऱ्याच्या संतापाला त्या कधी तोडीस तोड उत्तर द्यायच्या, कधी अशी काही टोपी उडवायच्या की रागावलेल्या माणसालाच हसू फुटावं. टिळक चिडले की घर थरथर कापतंय, असं चित्र पुढच्या काळात राहिलं नाही. कारण समोर बरोबरीची बाई उभी होती.

जेव्हा राग मिशनवर आला

घरातला राग स्वभावाचा होता. पण टिळकांच्या आयुष्यात एक राग असाही आहे जो वर्षानुवर्षं साठत गेला आणि ज्याला ठोस कारण होतं.

मिशनमध्ये निर्णय गोरे मिशनरी घ्यायचे, पगार तेच ठरवायचे. हिंदी ख्रिस्ती माणूस कितीही विद्वान असला तरी हाताखालचाच. टिळक कट्टर देशाभिमानी. ब्राह्मण समाजानं त्यांना धर्मद्रोही म्हणून झिडकारलं होतं आणि ज्यांच्यासाठी सगळं सोडलं, तिथं बरोबरीची खुर्ची नव्हती. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखे जिवाभावाचे मिशनरी स्नेही त्यांना नगरमध्ये लाभले. पण व्यवस्था ती व्यवस्था.

तरुणपणीचे टिळक असते तर एका सकाळी न सांगता चालू पडले असते. प्रौढ टिळकांनी तसं केलं नाही. त्यांनी तोंडावर सांगितलं आणि लिहून सांगितलं. एका कवितेत तर त्यांनी देशी ख्रिस्ती लोकांची अवस्था दोरीवर नाचणाऱ्या बाहुल्यांसारखी झाल्याचं मिशनऱ्यांना सुनावलं आणि तुम्ही उभारलेलं हे राज्य देवाचं म्हणता येणार नाही, असा घाव घातला. शब्द बोचरे होते. रोख मात्र व्यवस्थेवर होता, कुणा एका माणसाला खाली पाडण्यावर नव्हता. येशूनं मंदिरात सराफांचे चौरंग उलटले, त्या रागाच्या जातकुळीतला हा राग म्हणता येईल.

१९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडं होतं. म्हणजे ज्या मिशनवर टीका करायची, त्याच्याच नियतकालिकाचे ते संपादक. हे दोन्ही एकाच वेळी निभावणं सोपं नाही. आजच्या काळात ज्यांना ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतभेद मांडतानाही घाम फुटतो, त्यांना याची कल्पना येईल.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. वय पंचावन्न. हाताशी शिल्लक नाही. ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला गेले. तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे इथं भाऊबहीण म्हणून एकत्र यावेत, ही कल्पना. कुणाचा पगार नाही, कुणाचा हुकूम नाही.

नोकरी सोडताना त्यांनी मिशनशी वैर धरलं नाही. याचा पुरावा साधा आहे. नोकरी सुटल्यावरही 'ज्ञानोदय'चं संपादन त्यांच्याकडंच राहिलं, अगदी शेवटपर्यंत. मिशननं ते काढून घेतलं नाही आणि टिळकांनी ते भिरकावून दिलं नाही. दोन्ही बाजूंना दुखावण्याची पुरेशी कारणं असताना हे घडलं.

दरबाराला फार आयुष्य लाभलं नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळकांचं निधन झालं. आदल्याच वर्षी, मे महिन्यातच, बालकवी रेल्वे अपघातात गेले होते.

लक्ष्मीबाईंनी काय केलं?

रागाची गोष्ट रागावणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपली असती, तर ती अर्धीच राहिली असती. कारण दुखावलं गेलेलं माणूस अजून बोललेलं नव्हतं.

ख्रिस्ती शिकवणीतली क्षमा अनेकदा गैरसमजाची बळी ठरते. दुसरा गाल पुढं कर, म्हणजे सोस आणि गप्प बस, असा सोयीचा अर्थ लावला जातो. आणि हा उपदेश बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला केला जातो. सून, बायको, नोकर. ज्याच्या हातात काही नाही त्याला क्षमेचं महत्त्व सांगणं सोपं असतं. टिळकांच्या आईच्या वाट्याला जे सोसणं आलं त्याला क्षमा म्हणणं ही थट्टा होईल.

लक्ष्मीबाईंनी गप्प बसणं पत्करलं नाही. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, पाठीशी लागला आणि त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला लिहायला-वाचायला शिकवलं होतं खुद्द टिळकांनी. त्याच अक्षरांनी त्यांनी सासऱ्यांचा जाच लिहिला, नवऱ्याचा संताप लिहिला, न सांगता निघून जाणं लिहिलं, धर्मांतरानंतरची ती भकास वर्षं लिहिली. एकही गोष्ट झाकली नाही.

तरीही पुस्तक वाचून टिळकांविषयी द्वेष निर्माण होत नाही. उलट वाचक त्यांच्या प्रेमात पडतो. याचं कारण भाषेतली चलाखी नाही. लक्ष्मीबाई नवऱ्याचा राग सांगतात आणि त्याच दमात त्याचं औदार्यही सांगतात, त्याचा वेडेपणा सांगतात आणि स्वतःचा हट्टही सांगतात. त्या स्वतःला गरीब गाय म्हणून उभं करत नाहीत. स्वतःवर हसायला त्या सगळ्यात आधी तयार असतात. जे घडलं ते घडलं, असं स्वच्छ नोंदवूनही त्या माणसाला त्याच्या रागाइतका छोटा करत नाहीत. नवऱ्याला क्षमा केली, असं मोठं वाक्य त्या कुठं टाळ्या घेण्यासाठी वापरत नाहीत. त्यांच्या सांगण्याच्या सुरातच ते कळतं.

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत पुस्तकरूपानं आलं. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत आज त्याची गणना होते. विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, त्यात लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशींनी केली.

टिळकांचं आणखी एक काम अर्धवट राहिलं होतं. 'ख्रिस्तायन', म्हणजे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र. त्याचे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे साठांहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या ख्रिस्तासाठी नवरा त्यांना न विचारता निघून गेला होता, त्याचंच चरित्र. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. तेव्हा 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग छापून यायचा होता आणि 'ख्रिस्तायन'चा शेवट देवदत्तांनी पुरा केला.

नगरच्या चर्चमध्ये आजही रविवारच्या उपासनेत टिळकांची पदं म्हटली जातात.